परतीचा थांबा वेगळा

आठ वर्षं माझ्याकडे स्वतःची मोटार होती. त्या आठ वर्षांत मी पुष्कळ डोंगर चढले, पण ओलांडला एकही नाही.

हे लक्षात आलं ते मोटार विकून टाकल्यावर. ती होती तेव्हा सुट्टीचा दिवस ठरलेला असायचा. पहाटे निघायचं, पायथ्याशी जागा मिळेल तिथे मोटार लावायची, माथा गाठायचा आणि आल्या वाटेने, नाहीतर थोडा वळसा घेऊन, पुन्हा मोटारीपाशी यायचं. माथ्यावर उभं राहिलं की पलीकडची दरी दिसायची. तिच्यात उतरणारी एक बारीक पायवाट दिसायची, दोन-तीन वळणं घेऊन झाडांत शिरणारी. दर वेळी वाटायचं, ही कुठे निघत असेल? आणि दर वेळी पाठ फिरवावी लागायची, कारण मोटार अलीकडे होती. दाव्याला बांधलेलं जनावर दाव्याच्या लांबीएवढंच चरतं. माझं चालणं तसं झालं होतं.

बसने गेलं की हा खुंटा राहत नाही. सकाळी एका थांब्यावर उतरायचं आणि संध्याकाळी दुसऱ्याच थांब्यावरून चढायचं. मागे आपलं म्हणून काही ठेवलेलं नसतं, त्यामुळे मागे यायचं कारण नसतं. एवढ्या एका फरकाने चालण्याची जात बदलते. ज्या ओढ्याच्या काठाने सकाळी चढले त्याचं पाणी एका नदीला मिळतं, आणि संध्याकाळी ज्याच्या काठाने उतरले त्याचं दुसऱ्याच. मधे कुठेतरी खिंडीत, पावलाएवढ्या जागेत, पाण्याची दिशा बदलते. ती जागा पायाखालून जाते तेव्हा मी अजूनही थांबते. वारा बदललेला असतो, बहुतेक वेळा उन्हाची बाजूही बदललेली असते, आणि आपण आता पलीकडच्या बाजूचे झालेलो असतो.

हे मला पहिल्यांदा शिकवलं बाबांनी, आणि मी मधली आठ वर्षं ते विसरले.

बाबांना मोटार चालवता येत नव्हती. त्यांनी कधी शिकायची इच्छाही दाखवली नाही. शर्टाच्या खिशात मावेल अशी एक वही त्यांच्याकडे असायची. तिच्यात पेन्सिलीने बसच्या वेळा लिहिलेल्या असत. पेन्सिलीने, कारण वेळा बदलतात. वेळापत्रक ते पंचांगासारखं वाचायचे, एकेक ओळ बोट ठेवून, तळटिपांसकट. मला म्हणायचे, "गाडी कधी आहे ते सगळेच बघतात. तू आधी गाडी कधी नाही ते बघ." कोणत्या वारी नाही, सुट्टीत आहे का, दुपारच्या मधल्या वेळात किती तास रस्ता रिकामा असतो, हे आधी. मग वाट.

त्यांचा दुसरा नियम याहून उपयोगाचा होता: विरळ गाडी सकाळी, दाट गाडी संध्याकाळी. म्हणजे ज्या आडगावाला दिवसातून दोनच बस जातात तिथे सकाळी जायचं, आणि चालत चालत अशा रस्त्याकडे यायचं जिथे तासाला एक तरी बस असते. उलटं केलं तर दिवसभर घड्याळ मानेवर बसतं. शांत टोकाला आरंभ करायचा आणि वर्दळीकडे यायचं, हे मनाला थोडं उलटं वाटतं. आपल्याला वाटतं की गर्दीपासून लांब लांब जावं. पण संध्याकाळी दमलेल्या पायांनी रस्त्याला लागल्यावर पाच-दहा मिनिटांत बस दिसली, की बाबांचं म्हणणं पटतं.

आणि तिसरा नियम: शेवटची बस आपली नसते. शेवटून दुसरी आपली. शेवटची राखीव, घोटा मुरगळला किंवा वाट चुकली तर.

या नियमांच्या मागे हिशोब होता, आणि तो हिशोब बाबांचा नव्हता. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली तो मांडला. सपाटीवर दर तीन मैलांना एक तास, आणि वर प्रत्येक हजार फूट चढाईला अर्धा तास. आपल्या मापात सांगायचं तर पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. समजा वाट तेरा किलोमीटरची आहे आणि चढ सहाशे मीटरचा. चालण्याचे दोन तास छत्तीस मिनिटं, चढाचा एक तास, म्हणजे तीन तास छत्तीस मिनिटं. हे न थांबता चालणाऱ्या, धडधाकट माणसाचं गणित. बसणं, खाणं, पाणी भरणं, एखादं वळण चुकून मागे येणं, आणि गुडघ्यांना नको वाटणारा तीव्र उतार, यासाठी बाबा एक तृतीयांश वेळ वाढवायचे. म्हणजे पावणेपाच तास. शेवटून दुसरी बस साडेचारला असेल, तर पावणेबाराच्या आत पाय वाटेला लागायला हवेत. सकाळची बस त्याच्या आत तिथे पोचत नसेल, तर ती वाट त्या दिवसाची नाही. दुसरी निवडायची. वाईट वाटून घ्यायचं नाही.

लहानपणी मला हे रूक्ष वाटायचं. आता वाटतं, हा हिशोब घरी बसून केलेला असतो म्हणूनच डोंगरात घड्याळाकडे बघावं लागत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये हा हिशोब वाटेवरच लिहून ठेवलेला असतो. तिथल्या पायवाटांचं जाळं सुमारे 65,000 किलोमीटरचं आहे, आणि त्यावरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते. अमुक खिंड, दोन तास दहा मिनिटं. ही वेळ विश्रांती न धरता मोजलेली असते. वाट जिथे संपते तिथे बस किंवा रेल्वे आहे का, हेही पाटीवर चित्राने दाखवलेलं असतं. मला या व्यवस्थेची सुरुवात फार बोलकी वाटते. 1930च्या दशकात घाटरस्त्यांवर मोटारी वाढल्या, आणि तोवर त्याच रस्त्यांनी चालणाऱ्यांना धूळ, कर्णे आणि भीती यांत चालावं लागू लागलं. योहान याकोब एस नावाच्या एका शिक्षकाने पुढाकार घेतला, आणि 1934 साली पायी चालणाऱ्यांसाठी वेगळ्या, एकसारख्या खुणांच्या वाटा आखणारी संघटना उभी राहिली. मोटारीने रस्ता घेतला म्हणून माणसाने वाट मागितली.

पण त्याच देशात मोटारीचं दुसरं रूपही होतं. टपाल खात्याची पहिली मोटारबस 1906 साली बर्नहून डेटलिगेनला निघाली. आज पोस्टऑटो या टपालबससेवेच्या पिवळ्या बस दऱ्यांच्या टोकापर्यंत जातात. अरुंद घाटात, आंधळ्या वळणाच्या आधी, त्या तीन सुरांचा कर्णा वाजवतात. ते सूर रोसिनी या संगीतकाराच्या 'विल्यम टेल' या ऑपेराच्या सुरुवातीच्या संगीतातून घेतलेले आहेत. डोंगरी टपालरस्त्यांवर समोरून येणाऱ्याने बसला वाट द्यायची आणि ड्रायव्हर सांगेल तसं मागेपुढे व्हायचं, असा नियम आहे. वर कुठेतरी उतारावर चालत असताना खालून ते तीन सूर ऐकू आले, की बस कोणत्या वळणावर आहे ते चालणाऱ्याला कळतं. पाट्या चालणाऱ्यांसाठी आणि कर्णा बससाठी, पण उतरताना दोन्ही एकाच माणसाच्या कामी येतात.

आता थांब्याबद्दल. मोठ्या शहरातला थांबा नव्हे, वाट जिथून फुटते तो थांबा. तो बहुधा एक खांब असतो. खांबावरची पाटी उन्हाने इतकी फिकट झालेली असते की नाव वाचण्यापेक्षा ओळखावं लागतं. छप्पर असलं तर त्याच्या कडेला शेवाळ, आतल्या बाकड्याची एक फळी गेलेली, कोपऱ्यात वाऱ्याने गोळा केलेली पानं. अशा एका थांब्याच्या भिंतीवर मला कुणीतरी पेन्सिलीने ओळीत मारलेल्या रेघा दिसल्या होत्या. चार उभ्या, एक आडवी, पुन्हा चार उभ्या. रोज तिथून शाळेला जाणाऱ्या एखाद्या मुलाने दिवस मोजले असतील. काही ठिकाणी खांबही नसतो. तिथे बस हात केला की थांबते, आणि कुठे उभं राहायचं हे त्या गावच्या लोकांनाच माहीत असतं.

आणि वेळापत्रकातली चांदणी. मी एकदा ती वाचली नाही.

पानगळीचे दिवस होते आणि मी एकटी होते. वाट सुंदर झाली होती. हिशोबाच्या अर्धा तास आधीच उतरले आणि सव्वापाचच्या बससाठी थांब्यावर बसले. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. मग टॉर्च लावून पाटीवरचं वेळापत्रक पुन्हा वाचलं. सव्वापाचच्या समोर एक बारीक चांदणी होती, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत खुलासा होता: शाळा सुरू असलेल्या दिवशीच. शाळांना सुट्टी लागून तीन दिवस झाले होते. ती बस मुळात मुलांची होती. आम्ही चालणारे तिच्यात पाहुणे.

फोनला रेंज नव्हती. जिथे बस मिळण्याची खात्री होती तो हमरस्ता अकरा किलोमीटर दूर होता. मी डांबरी रस्त्याने चालायला लागले. डोंगरात दिवसभर जी भीती वाटली नव्हती ती त्या रस्त्यावर वाटली. कडेला चालायला जागा नव्हती, एका बाजूला दगडी बांध, आणि वळणावर येणाऱ्या वाहनाला मी दिसणार की नाही हे कळायला मार्ग नव्हता. समोरून येणारं वाहन दिसावं म्हणून त्या बाजूने चालायचं, उजेड हातात नव्हे तर अंगावर पाडायचा, आणि आंधळं वळण आलं की पलीकडच्या कडेला जायचं, एवढं मला ठाऊक होतं. एक मालट्रक मागून आला. त्याने मला ओलांडलं नाही. वेग कमी करून, मागे थोडं अंतर ठेवून, ते सगळं वळण संपेपर्यंत माझ्यापुढचा रस्ता उजळत तो आला. मग रुंद जागा आल्यावर शांतपणे पुढे गेला. चालकाचा चेहरा मला दिसला नाही. रात्री साडेआठला हमरस्त्याला लागले.

त्या रात्रीनंतर मी वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवते आणि कागदावरही उतरवते, आणि जाताना ड्रायव्हरला विचारते. "संध्याकाळी तुम्हीच येता का?" या एका प्रश्नाने जेवढं कळतं तेवढं कुठल्याच पाटीवरून कळत नाही. शिवाय त्याला कळतं की आज खाली एक माणूस थांबलेलं असेल.

बसमधली माणसं हा तर वेगळाच खजिना आहे. एकदा सकाळच्या बसमध्ये माझ्यापुढच्या बाकावर एक आजी होत्या. त्यांनी मागे वळून आधी माझ्या बुटांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"वर चाललीस?"

"हो आजी. वर जाऊन पलीकडे उतरणार."

"पुलाकडनं जाऊ नकोस. पूल गेलाय. ओढ्याच्या वरच्या अंगानं जा, मोठा काळा दगड लागेल, तिथं पाणी पसरट आहे."

छापील नकाशावर पूल होता. फोनमधल्या नकाशावरही होता. प्रत्यक्षात पुलाच्या जागी दोन्ही काठांवर एकेक तुटका खांब होता आणि मधे कमरेएवढं पाणी. मी वरच्या अंगाने गेले. काळा दगड होता. त्याच्या पाठीवर, बरोबर पाऊल पडेल तिथे, पावलांनी झिजलेला एक खळगा होता, आणि त्यात तळहाताएवढं पाणी साचलं होतं. तो खळगा हौसेने फिरणाऱ्यांच्या चार-दोन वर्षांचा नव्हता. आजींनी उतरायच्या आधी सांगितलं होतं की पलीकडच्या गावात त्यांची थोरली बहीण दिली होती, आणि त्या मुलगी असताना याच वाटेने तिच्याकडे जात. रस्ता झाला, बस आली, आणि मग वाट कुणी चालेना. रस्त्याने ते गाव जवळजवळ चाळीस किलोमीटर पडतं. वाटेने नऊ.

तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. रस्ता डोंगराला वळसा घालतो, वाट डोंगरावरून जाते. ज्या पायवाटांना आपण आज निसर्गभ्रमंतीच्या वाटा म्हणतो त्या कुणीतरी कामासाठी पाडलेल्या आहेत. शाळेला, बाजाराला, देवाला, माहेराला, टपाल पोचवायला. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये मार्डेलहून शॅपला डोंगरावरून जाणारी जुनी वाट आहे. दफनाची सोय शॅपला होती, म्हणून त्या दरीतले लोक आपले मृत त्या वाटेने घोड्यावर बांधून नेत. बस आली आणि तिने या वाटा ओस पाडल्या. आणि आता त्याच वाटांच्या तोंडाशी माणसं आणून सोडते तीही बसच.

लेक डिस्ट्रिक्टचा विषय निघालाच आहे तर आल्फ्रेड वेनराइटबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. केंडल गावच्या नगरपालिकेच्या हिशोब विभागात नोकरी करणारा हा माणूस मोटार चालवत नसे. 1952 साली त्याने त्या परिसरातल्या डोंगरांची हाताने लिहिलेली, हाताने चितारलेली मार्गदर्शिका करायला घेतली आणि 1966 साली सातवा खंड पुरा केला. एकूण 214 शिखरं. आणि बहुतेक चालणं सार्वजनिक बसच्या भरवशावर. सुट्टीच्या दिवशी सकाळी केंडलहून बस, दिवसभर डोंगर, संध्याकाळी परतीची बस. एकेक डोंगर चहूबाजूंनी चढून, त्यावरची प्रत्येक वाट नोंदवून, घरी परत येऊन रात्री शाईने रेखाटन. आठवड्यातले बाकीचे दिवस नोकरी. इतकं मोठं काम बसच्या वेळापत्रकात बसवता येतं, याचा मला फार आधार वाटतो. वेळ नाही, गाडी नाही, म्हणून डोंगर राहून गेले असं जेव्हा कुणी मला म्हणतं, तेव्हा केंडलचा तो हिशोबनीस मला आठवतो.

अर्थात बस पायथ्याशी नेते, पण पुढे जायची मुभा असायला हवी. इंग्लंडमध्येच मँचेस्टर आणि शेफिल्डच्या गिरण्या-कारखान्यांतले कामगार सुट्टीला शहराबाहेर पडत, आणि समोरचा माळ मात्र बंद. तो शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखलेला. 24 एप्रिल 1932 रोजी काही शे माणसं जाणूनबुजून किंडर स्काउट या डोंगरावर चढली. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. 1949 साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात जाण्यायेण्याचा कायदा झाला. 1951 साली ज्या भागाला तिथलं पहिलं राष्ट्रीय उद्यान होण्याचा मान मिळाला, तो पीक डिस्ट्रिक्ट. किंडर स्काउट त्यातच आहे. 1965 साली खुली झालेली, सुमारे 430 किलोमीटरची पेनाइन वे ही लांब वाट त्याच परिसरातून उत्तरेला निघते. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये लोकांच्या हक्काच्या वाटा सुमारे 2,25,000 किलोमीटर भरतात. चालणाऱ्यांच्या तपशीलवार नकाशांवर त्या हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. तिथून जायला कुणाची परवानगी लागत नाही.

मला मात्र आता उलटी काळजी वाटते. वाटेचा हक्क कागदावर पक्का असतो आणि तिच्या तोंडाशी जाणारी बस बंद होते. बस बंद करायला लढा लागत नाही, गाजावाजाही होत नाही. एका ऋतूत रविवारची फेरी जाते, पुढच्या वर्षी दुपारची. उरते ती शाळेची. मग ज्याच्याकडे मोटार आहे त्यालाच डोंगर, आणि तोही दाव्याच्या लांबीएवढा. ज्याला मोटार परवडत नाही, वयाने किंवा डोळ्यांनी जिला ती चालवता येत नाही, सोळा वर्षांचा जो मुलगा मित्रांबरोबर पहिल्यांदा घराबाहेर पडू बघतो, त्यांचं काय? बाबांसारख्या माणसाचं काय? ते चालले नसते तर मी चालले असते का?

म्हणून मला जिथे जिथे हे जाणून केलेलं दिसतं तिथे मनापासून आनंद होतो. वेल्समध्ये अर विद्व्हा, म्हणजे स्नोडन, 1,085 मीटर. त्यावर जायच्या सहा मुख्य वाटा आहेत, आणि डोंगराच्या भोवती शेर्पा नावाच्या बस फिरतात. त्यामुळे एका वाटेने चढून दुसरीने उतरता येतं. अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानात 2000 सालापासून हंगामात मुख्य दरीत खासगी मोटारींना बंदी आहे आणि बहुतेक जण शटल बसने जातात. हाँगकाँगची मॅक्लहोस ट्रेल 1979 साली सुरू झाली. शंभर किलोमीटर, दहा टप्पे, दर पाचशे मीटरवर क्रमांकाचा खांब. बरेच टप्पे रस्त्यांना येऊन मिळतात, त्यामुळे एकेक टप्पा एकेका सुट्टीला चालून माणसं ती पुरी करतात. आणि उत्तर इंग्लंडमध्ये रोमन सम्राट हेड्रियनने बांधवलेल्या भिंतीच्या कडेने धावणारी बस आहे, तिचा क्रमांक AD122, म्हणजे इसवी सन 122. भिंतीचं काम सुरू झालं ते साल. रोमन सैनिकांनी ज्या रेषेवर पहारा दिला तिच्या कडेने चालायचं, पाय दमले की हात करायचा, आणि बसच्या कपाळावर ते साल लिहून यायचं. ज्या कुणाला हा क्रमांक सुचला त्याला चालणाऱ्यांची नस कळली होती.

अशा बसमध्ये रिकाम्या जागा असतात, हे मी फार वेळा बघितलं आहे. पायथ्याच्या मोटारतळावर सकाळी नऊला जागा नसते, आणि त्याच रस्त्याने सहा प्रवासी घेऊन बस वर येते. त्या सहांत आम्ही दोघं-तिघं असलो की ड्रायव्हरच्या आवाजातही फरक पडतो. प्रवासी मोजले जातात, आणि फेरी ठेवायची की नाही हे त्या मोजणीवर ठरतं. आपण विकत घेतलेलं तिकीट त्या गावातल्या आजींच्या दवाखान्याच्या फेरीलाही धरून ठेवतं. वाटेचंही तसंच. पावलं पडली नाहीत की दोन पावसाळ्यांत झुडपं आत येतात, आणि पाचव्या वर्षी नकाशावर वाट आणि जमिनीवर काटे असतात.

बसने चालायला जाणाऱ्याचं सामान थोडं वेगळं असतं. टॉर्च उन्हाळ्यातही. थोडे सुटे पैसे, कारण यंत्र बंद असू शकतं. बसायला एक पातळ तुकडा, थांब्यावरचं बाकडं ओलं असतं. बुटांचा चिखल चढायच्या आधी गवताला पुसायचा, बस दुसऱ्या कुणीतरी झाडायची असते. आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड, पिशवीच्या तळाशी, दिवसभर न काढलेला. हे बाबांचं. ते थांब्यावर पोचले की आधी रस्ता बघत, मग घड्याळ, आणि मग बाकड्यावर बसून सावकाश नाडी सोडत.

बाबा आता चालायला येत नाहीत, गुडघे नाही म्हणतात. मी रात्री फोन केला की ते वाट कशी होती, दृश्य कसं होतं, असं काही विचारत नाहीत. दोनच प्रश्न विचारतात. "कुठे उतरलीस? कुठे चढलीस?" मी दोन नावं सांगते. पलीकडे काही क्षण शांतता असते. त्या दोन नावांच्या मधली खिंड, ओढा, उतार, सगळं ते मनात चालून घेत असतात. मग म्हणतात, "म्हणजे पाणी बदललं." मी म्हणते, "हो, बदललं."

गेल्या महिन्यातली गोष्ट. हिशोबाप्रमाणे उतरले, थांब्यावर पोचले, कुणी नव्हतं. पाटीवर चांदणी नव्हती, दोनदा बघितलं. बाकड्यावर बसून बूट काढले. ओले मोजे पायाच्या कातडीला चिकटले होते, सोलल्यासारखे निघाले. पायाची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. गार हवा त्यांना लागली आणि मी तशीच थोडा वेळ बसून राहिले. मग कोरडे मोजे चढवले. समोरच्या उतारावर, फार वर, दोन दिवे दिसले आणि गेले. पुन्हा दिसले, थोडे खाली. मी वळणं मोजली. सात. सातव्यानंतर इंजिनाचा आवाज आला.

हात केला. बस थांबली, दार उघडलं, आतला पिवळा उजेड रस्त्यावर पडला. चार-पाच जण आत पेंगत होते.

"कुठून आलात?" कंडक्टरने विचारलं. या थांब्यावर या वेळी कुणी नसतं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मी मागे हात केला. डोंगराची कड अजून दिसत होती, आभाळापेक्षा थोडी काळी.

"पलीकडून."

त्याने खाली वाकून खिडकीतून कडेकडे बघितलं, आणि तिकीट फाडलं.